“पाच मिनिटांत आणतो”: मावशी-काकांसोबतची एक संध्याकाळ

पर्वतीपायथा

गेल्या रविवारची गोष्ट. चार दिवस झाले तरी मनातून जात नाही, म्हणून लिहितेय.

माझी मावशी आणि काका सोलापूरहून आले होते. काकांचे डोळे दाखवायचे होते. दोघंही सत्तरीच्या पुढची. आमच्याकडे आली की मावशी स्वयंपाकघराचा ताबा घेते, म्हणून या वेळी मी आणि नवऱ्याने ठरवलं की एक दिवस तरी तिला ओट्यापाशी उभं राहू द्यायचं नाही. पुण्याच्या पश्चिम भागात ‘अस्सल मराठी जेवण’ अशी पाटी असलेलं एक रेस्टॉरंट आहे. फोटोत केळीचं पान, पितळी वाट्या, भाकरीवर लोण्याचा गोळा. तिथे गेलो.

पावणेआठला पोचलो, आठला टेबल मिळालं. बसताबसताच पाण्याच्या तीन बाटल्या फोडून समोर ठेवल्या. साधं पाणी हवं का, हे कुणी विचारलं नाही. सव्वाआठला ऑर्डर दिली: भरलं वांगं, पिठलं, मटकीची उसळ, भाकऱ्या, शेवटी वरणभात. काकांना मधुमेह आहे, कशातही साखर-गूळ घालू नका, हे मी दोनदा सांगितलं. ऑर्डर घेणाऱ्या कॅप्टनने मान डोलावली, लिहूनही घेतलं.

साडेआठला विचारलं, “किती वेळ लागेल? यांना जेवणाआधी इन्सुलिन घ्यायचं असतं.” तो म्हणाला, “पाच मिनिटांत आणतो.” त्या शब्दावर काकांनी सुई टोचून घेतली.

पाच मिनिटांची दहा झाली, वीस झाली. मी दोनदा उठून गेले. दोन्ही वेळा उत्तर तेच: पाच मिनिटांत. पावणेनऊच्या पुढे काका एकदम गप्प झाले. कपाळावर घाम, हात थरथरायला लागले. मावशीने त्यांचा हात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरू शकत नाही. मी जोरात साखर मागितली. कॅप्टन लांब उभा होता. पाणी देणारा एक पोरगेलासा मुलगा धावत आत गेला आणि अख्खी साखरेची बरणीच घेऊन आला. काकांना साखरेचं पाणी त्यानेच चमच्याने ढवळून दिलं, आणि दहा मिनिटं तिथून हलला नाही.

जेवण आलं नऊ वाजून पाच मिनिटांनी. भरलं वांगं म्हणजे तळलेल्या वांग्याच्या फोडी, वर टोमॅटो-कांद्याची दाट तपकिरी ग्रेव्ही, चवीला गोड. दाण्याचा कूट नाही, कारळं नाही, काळ्या तिखटाचा वासही नाही. सोलापूरच्या बाईपुढे हे ठेवायचं! भाकरी मधे गार, कडेला वाळलेली, पापुद्रा सुटलेला नाही. पिठलं तेवढं गरम होतं आणि खरंच बरं होतं. मटकीची उसळ वांग्याच्याच ग्रेव्हीत. मावशीने भाकरीचा चतकोर मोडला, पिठल्याशी खाल्ला आणि “पोट भरलं गं” म्हणाली. तिला पोट भरल्यावर काय म्हणायची सवय आहे ते मला माहीत आहे. ते हे नव्हतं.

बिल आलं: जेवणाचे २,८६० रुपये, १० टक्के सर्व्हिस चार्ज २८६, आणि या दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी. एकूण ३,३०३. मी सर्व्हिस चार्ज काढायला सांगितला तर उत्तर आलं, “मॅडम, सिस्टिममधून आपोआप येतो, निघत नाही.” काकांना घरी न्यायचं होतं. वाद न घालता पैसे भरले. त्या मुलाच्या हातात दोनशे रुपये दिले, त्याने घ्यायला तीनदा नकार दिला.

अन्न वाईट निघालं याचा राग दोन दिवसांत जाईल. पण “चाळीस मिनिटं लागतील” एवढं खरं सांगितलं असतं, तर काकांनी इन्सुलिन घेतलंच नसतं. आम्ही उठून दुसरीकडे गेलो असतो, नाहीतर पोळीचा तुकडा मागून घेतला असता. जेवायला आलेल्या माणसाला खोटी वेळ सांगणं इतकं साधं का वाटतं या लोकांना?

---

रानजाई

वाचताना काटा आला. काका आता कसे आहेत?

---

पर्वतीपायथा

ठीक आहेत. त्या रात्री घरी येऊन दूध-पोळी खाल्ली. सकाळी साखर तपासली, नीट होती. मावशी म्हणाली, “तू कशाला मनाला लावून घेतेस?” त्यानेच जास्त लागलं.

---

कसबेकर

रेस्टॉरंटचं नाव द्या. बाकीचे सावध होतील.

---

पर्वतीपायथा

नाव देणार नाही. एका संध्याकाळवरून मी त्या जागेची कायमची परीक्षा करू शकत नाही, आणि मला त्यांच्याशी आधी समोरासमोर बोलायचं आहे.

---

औषधी पाटा

मी औषधांच्या दुकानात वीस वर्षं काम करते, म्हणून हे आधी लिहिते. जेवणाआधी घ्यायचं जलद काम करणारं इन्सुलिन साधारण पंधरा मिनिटांत काम करायला लागतं. घरात ताट समोर असतं म्हणून ते जमतं. बाहेर जेवताना बऱ्याच लोकांना डॉक्टर सांगतात की ताट टेबलावर आल्यावरच घ्या. काकांसाठी काय योग्य, हे त्यांच्या डॉक्टरांना एकदा जरूर विचारा.

घाम, थरथर, अचानक गप्प होणं ही साखर उतरल्याची खूण. रक्तातली साखर ७० च्या (mg/dL) खाली गेली की तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा द्यायचं. सावरल्यावर काहीतरी पोटभर खायला द्यायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. आणि ग्लुकोजची पुडी मावशींच्या पिशवीत कायम हवी. त्या मुलाला हे कुणी शिकवलं असेल-नसेल, पण त्याने केलं ते बरोबर होतं.

---

भट्टीपासचा

ताई, मी पुण्यात तीन वेगवेगळ्या किचनमध्ये मिळून अकरा वर्षं काढली आहेत. आता दुसरं काम करतो. तुमचं वाचून त्या रविवारच्या रात्री डोळ्यांपुढे आल्या. आत काय होतं ते सांगतो. कुणाची बाजू घेण्यासाठी नाही, पण पुढच्या वेळी तुम्हाला उपयोग होईल.

रविवारी आठ ते साडेनऊ आत दोन रांगा चालतात. एक टेबलांच्या केओटींची, म्हणजे आत येणाऱ्या ऑर्डरच्या कागदांची, दुसरी अ‍ॅपवरच्या ऑर्डरची. अ‍ॅपच्या ऑर्डरला घड्याळ लावलेलं असतं आणि काउंटरवर डिलिव्हरीवाला येऊन उभा असतो. उशीर झाला की रेटिंग पडतं. मग काय होतं, ती ऑर्डर पुढे सरकते आणि टेबलाचा कागद मागे जातो. टेबलवरचा माणूस बसलेला आहे, कुठे जातोय, असा हिशेब. कॅप्टनला हे सगळं ठाऊक असतं. तो आत येऊन विचारत नाही, कारण आतून शिव्या मिळतात. म्हणून “पाच मिनिटं”. मी स्वतः आतून अशी पाच मिनिटं शेकडो वेळा ओरडून सांगितली आहेत. त्या पाच मिनिटांवर कुणी इन्सुलिन घेत असेल, हे कधी डोक्यात आलं नाही. आज आलं.

आता साखरेचं. तुम्ही सांगितलंत, त्याने लिहिलं, पण आत त्याचं काही करता येत नाही. कारण ग्रेव्ही दुपारीच शिजलेल्या असतात. मोठी पातेली असतात: मखनी, काजू-मगजाची पांढरी, आणि कांदा-टोमॅटोची तपकिरी. टोमॅटोचा आंबटपणा मारायला त्यात साखर आधीच पडलेली असते. रात्री त्या ग्रेव्हीतून साखर काढणार कशी? म्हणून “साखर घालू नका” असं सांगण्यापेक्षा “यातलं कशाकशात आधी तयार केलेली ग्रेव्ही आहे?” असं विचारा. खरं उत्तर देणारा कॅप्टन असेल तर चेहऱ्यावरूनच कळेल.

पिठलं चांगलं लागलं त्याचं कारण हेच. पिठलं, झुणका, ठेचा, फोडणीचं वरण या गोष्टी मागितल्यावर करतात. डाळीचं पीठ, फोडणी, पाणी, सात-आठ मिनिटांचं काम. भरलं वांगं मात्र नीट करायचं तर काटेरी वांगी निवडा, चिरा द्या, कूट-तीळ-कारळ्याचा मसाला भरा, मंद आचेवर झाकण ठेवून शिजवा. ते दुपारी करून ठेवलं तर रात्री मसाला सुटतो, वांगं फुटतं, ताटात दिसायला खराब. म्हणून फोडी तळून ग्रेव्हीत सोडतात. नाव तेच राहतं.

भाकरीचं दुखणं वेगळं. बहुतेक ठिकाणी भाकरी थापणारी एकच बाई असते. तव्यावर एका वेळी एक, फार तर दोन तवे. रविवारी साठ-सत्तर भाकऱ्या मागितल्या जातात. मग त्या सातलाच करून डब्यात फडक्यात ठेवतात आणि ऑर्डर आली की तव्यावर टेकवून पाठवतात. भाकरी दुसऱ्यांदा तव्यावर गेली की कडा वाळणारच. त्यातून पीठ जुनं असेल तर विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेलेली असते, ते थापतानाच तुटतं. ताजं दळलेलं पीठ आणि उकळतं पाणी, याला दुसरा मार्ग नाही.

---

मुठाकाठ

भट्टीपासचा, ही माहिती मला सोन्यासारखी वाटली. इतकी वर्षं “गोड का लागतं सगळं” हे मला कळत नव्हतं.

पर्वतीपायथा, एक बोलते, राग मानू नका. रविवारी रात्री आठ वाजता, इन्सुलिनवरच्या माणसाला घेऊन, गर्दीच्या जागी जाणं हीसुद्धा आपली चूक नाही का? मी माझ्या सासऱ्यांना साडेसातच्या आत जेवायला घालते, बाहेर असो की घरी.

---

पर्वतीपायथा

मानते. ती चूक माझीच आहे आणि पुन्हा करणार नाही. पण मी वेळ विचारली होती, कारण सांगून विचारली होती. त्यानंतरचं उत्तर माझ्या हातात नव्हतं.

---

बिलाची पावती

सर्व्हिस चार्जबद्दल सविस्तर लिहितो, कारण “सिस्टिममधून निघत नाही” हे उत्तर पुण्यात सर्रास मिळतं आणि ते चुकीचं आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेल किंवा रेस्टॉरंटने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावानेही नाही, तो देण्याची सक्ती करायची नाही, तो ऐच्छिक आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं, आणि तो जेवणाच्या रकमेत मिळवून एकूणावर जीएसटी लावायचा नाही. तुमच्या बिलात नेमकं हेच शेवटचं झालं आहे. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा सूचनांना स्थगिती मिळाली होती. २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने त्या सूचना योग्य ठरवल्या आणि याचिका फेटाळल्या. त्यावर अपील झालं आहे.

तुमचा हिशेब: २,८६० वर ५ टक्के म्हणजे १४३, एकूण ३,००३ व्हायला हवे होते. तीनशे रुपये जास्त गेले.

करायचं काय? आधी तिथेच तो काढायला सांगा. नाही काढला तर बिलाचा फोटो ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्याउपर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही आणि तक्रार ऑनलाइन भरता येते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते.

बाटल्यांबद्दल मात्र एक सांगतो. रेस्टॉरंटमध्ये बाटलीचे पैसे छापील किमतीपेक्षा जास्त लावले तर लोक भांडतात. डिसेंबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार तिथे बसून प्यायलेल्या पाण्याला ते जास्त लावू शकतात, कारण ती नुसती विक्री नसते, सेवाही असते. म्हणून बाटली फोडण्याआधीच “साधं पाणी द्या” म्हणायचं.

---

औंधची सून

मला हे पटत नाही. सर्व्हिस चार्ज बंद झाला तर मार कुणाला बसतो? वाढणाऱ्या मुलांना. माझा भाऊ एका हॉटेलात स्टुअर्ड आहे, त्याचा पगार फार नाही. सर्व्हिस चार्जची वाटणी महिन्याच्या शेवटी सगळ्यांत होते, भांडी घासणाऱ्या मावशींपासून. टेबलावरची टीप फक्त टेबलावरच्यालाच मिळते. आतल्यांना कोण देणार?

---

भट्टीपासचा

औंधची सून, तुमच्या भावाच्या हॉटेलात वाटणी होते हे चांगलं आहे. मी काम केलेल्या तीनपैकी एकाच ठिकाणी आम्हाला वाटा मिळायचा. एका ठिकाणी फुटलेल्या काचेचे पैसे त्यातून कापायचे. तिसऱ्या ठिकाणी सर्व्हिस चार्ज घेतात हेच आम्हाला बिल बघून कळलं. आतल्या माणसाला द्यायचं असेल तर मालकाने पगारात द्यावं आणि तेवढे दर वाढवावेत. वीस रुपयांनी महाग पिठलं लोक खातील. मेनूवर किंमत बघून माणूस ठरवतो तरी.

---

औंधची सून

दर वाढवले की लोक दुसरीकडे जातात, हेही खरं आहे ना? पण मुलाने साखर आणून दिली आणि २८६ रुपये त्याच्यापर्यंत पोचले की नाही हे कुणालाच माहीत नाही, हे वाचून वाईट वाटलं. भावाला विचारते, त्यांच्याकडे हिशेब दाखवतात का.

---

कसबेकर

आपण मराठी माणसं तिथेच बोलत नाही, हा माझा मुद्दा आहे. “कसं होतं जेवण?” विचारलं की “छान” म्हणतो, आणि बाहेर पडून गाडीला किल्ली लावताना बोलायला सुरुवात करतो. मीही तसाच. गेल्या महिन्यात एका ठिकाणी वरणभाताला आंबेमोहर लिहिलं होतं आणि ताटात आला दुसराच तांदूळ. ज्याच्या घरी लहानपणी मुळशीचा आंबेमोहर शिजला आहे त्याला वासावरून कळतं, झाकण उघडल्यावर घर भरतं. मी काही बोललो नाही. पुढच्या वेळी बोलणार.

---

रानजाई

+१. आणि जेवण शिळं किंवा आंबलेलं वाटलं तर अन्न व औषध प्रशासनाची टोल-फ्री लाइन आहे, १८००२२२३६५. बिलावर चौदा आकडी परवाना क्रमांक असतो, जानेवारी २०२२ पासून तो छापणं बंधनकारक आहे. तक्रारीत तोच क्रमांक द्यायचा. इथे प्रश्न तो नव्हता, पण माहिती असावी.

---

ताटवाटी

मी बराच वेळ वाचतेय, लिहू की नको असं चाललं होतं. माझी छोटी खानावळ आहे, अठरा माणसं बसतील एवढी. नाव इथे लिहिणार नाही, जाहिरात होईल.

आमच्याकडेही हा गोंधळ झाला होता. अ‍ॅप सुरू केलं तेव्हा पहिले दोन महिने टेबलवरची माणसं ताटकळायची. एकदा एक आजोबा भाकरीची वाट बघून बघून उठून गेले. मला गल्ल्यावरून दिसत होतं आणि मी काही करू शकले नाही, कारण समोर चार डिलिव्हरीवाले उभे होते. त्या दिवसापासून शनिवार-रविवार आठ ते साडेनऊ अ‍ॅप बंद. धंदा कमी होतो, नाही असं नाही. पण दारात आलेलं माणूस उपाशी परत गेलं की मला रात्री जेवण जात नाही.

भाकरीला मी दोन बायका ठेवल्या आहेत. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी, दर दोन दिवसांनी दळून आणते. महाग पडते. भरलं वांगं फक्त दुपारी, आणि संपलं की फळ्यावरून पुसून टाकते. लोक चिडतात, “पाटीवर होतं ना?” मी सांगते, होतं, संपलं. ग्रेव्ही ओतून ते परत जिवंत होत नाही.

वेळेचं म्हणाल तर मी मुलांना एकच सांगितलंय: आत जाऊन तवा बघ, मग बाहेर येऊन आकडा सांग. वीस लागणार असतील तर वीस सांग. माणूस थांबतो. खरं सांगितलं की थांबतो, हा माझा नऊ वर्षांचा अनुभव आहे.

---

पर्वतीपायथा

सगळ्यांचे आभार. काल दुपारी चार वाजता मी त्या रेस्टॉरंटमध्ये जाऊन आले. भट्टीपासचा यांचं वाचून मुद्दाम ती वेळ निवडली, म्हणजे गर्दी नसेल.

मॅनेजर भेटले. बिल दाखवलं. सर्व्हिस चार्ज आणि त्यावरचा जीएसटी मिळून तीनशे रुपये त्यांनी लगेच परत केले, एका शब्दाने वाद घातला नाही. म्हणजे निघत होता. मग काकांचं सांगितलं. आधी म्हणाले, “रविवारी असं होतं हो मॅडम.” मी म्हटलं, उशीर होतो हे मी समजू शकते, पण तुमच्या माणसाने तीनदा खोटी वेळ दिली आणि एका म्हाताऱ्या माणसाची साखर उतरली. ते गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले की हे त्यांच्यापर्यंत आलंच नव्हतं. कॅप्टनने सांगितलं नाही, आम्हीही त्या रात्री सांगितलं नाही. कसबेकर, तुम्ही म्हणता ते इथे लागू पडलं.

त्या मुलाची चौकशी केली. तो आत भांडी लावत होता, बाहेर बोलावलं. धाराशिवकडचा (आधीचं उस्मानाबाद) आहे, सात महिने झाले पुण्यात येऊन. त्याच्या आजीला मधुमेह आहे, म्हणून त्याला कळलं. मॅनेजरसमोरच मी सांगितलं की त्या रात्री या हॉटेलची लाज या मुलाने राखली. तो जमिनीकडे बघत होता. तक्रार १९१५ वर करायची की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही. पैसे परत मिळाले, पण दुसऱ्या टेबलांवर सर्व्हिस चार्ज अजून लागतच असणार.

मावशी-काका शुक्रवारी सोलापूरला परत जाणार. डोळ्यांची तपासणी नीट झाली. ताटवाटी, उद्या गुरुवार आहे. तुमच्याकडे दुपारी जागा होईल का? पत्ता खासगी निरोपात कळवाल?

---

ताटवाटी

निरोप पाठवला आहे. काका किती वाजता जेवतात ते सांगा. त्या वेळेला ताट टेबलावर असेल, इन्सुलिन ताट बघून घेऊ देत. वांगं बाजूला काढून ठेवते, त्यात गूळ घालत नाही.

---

पर्वतीपायथा

एक वाजता. आम्ही चौघं. भाकऱ्या आठ, त्यातल्या दोन मावशीसाठी जरा कडक भाजा.